मातीतले सोबती

(शाळेत झाडे लावण्याच्या दिवशी, रोपवाटिकेत अनेक वर्षे काम केलेल्या एका आजोबांनी मॉरिशसमधील मुलांसमोर केलेले हे भाषण आहे.)



आज तुमच्या शाळेत झाडे लावायची आहेत. तुमच्या बाई परवा माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही तीस वर्षे रोपवाटिकेत काम केले आहे. आमच्या मुलांना झाडांविषयी चार शब्द सांगा." मी लगेच हो म्हटले. येताना दोन वस्तू बरोबर आणल्या आहेत. एक ही बादली आणि दुसरी ही छोटी पिशवी.

बादलीत काय असेल, सांगा पाहू? खाऊ? नाही. फुले? नाही. ही पाहा, बादलीत आहे आमच्या घरचा कालचा कचरा! केळ्यांची साले, बटाट्यांची साले, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफले. अरे, नाक मुरडू नका! हा कचरा नाही, हे झाडांचे जेवण आहे. फक्त ते अजून शिजलेले नाही.

आणि या पिशवीत काय आहे? मूठभर माती. तुम्ही म्हणाल, "माती तर आमच्या अंगणातही आहे." खरे आहे. पण या मातीत असे कामकरी राहतात, जे तुमच्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते रात्रंदिवस काम करतात आणि झाडांना खाऊ-पाणी पोहोचवतात.

या दोन वस्तूंची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे. पण त्याआधी माझ्या एका चुकीची गोष्ट ऐका.

मी तेव्हा तरुण होतो. एका नव्या मैदानाभोवती झाडे लावायचे काम माझ्याकडे आले. मैदान सपाट करण्यासाठी मोठे यंत्र आणले होते. त्या यंत्राने वरची काळसर माती खरवडून दूर नेली होती. खाली उरली होती लाल, कडक, उघडी जमीन. मी तिथे चाळीस रोपे लावली. चिंच होती, लिची होती, आंबा होता, पेरू होता. रोज पाणी घातले. बाजारातून खताचे पोते आणले आणि प्रत्येक रोपाला खत दिले. मला वाटले, वर्षभरात इथे सावली होईल.

पण झाले उलटेच. पाने पिवळी पडू लागली. रोपे वाढेनात. मी आणखी खत घातले. तरी काही उपयोग झाला नाही. सहा महिन्यांनी मी मोजले, तेव्हा चाळीसपैकी अकराच रोपे जिवंत होती. त्या अकरांतली आठ रोपे कुंपणाजवळ होती. तिथे आंब्याचे एक जुने झाड होते. त्या झाडामुळे यंत्र तिथपर्यंत पोहोचले नव्हते आणि जुनी माती तशीच राहिली होती.

मी फार खट्टू झालो. घरी येऊन आजीला सारे सांगितले. आमची आजी शाळेत गेलेली नव्हती. तिचे वाडवडील कोकणातून जहाजाने या बेटावर आले होते. सगळा जन्म तिने उसाच्या शेतात काम केले होते. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर मैदानावर आली. तिने खाली वाकून माती हातात घेतली, चुरगाळली, वास घेतला आणि म्हणाली, "बाळा, ही माती उपाशी आहे. आणि ती एकटी आहे."

माती उपाशी आहे, हे मला थोडेसे समजले. पण माती एकटी कशी असेल? मला हसू आले. मी शिकलेला होतो ना! आजीच्या बोलण्याचा अर्थ मला पुढे कित्येक वर्षांनी कळला. तोच अर्थ आज तुम्हांला सांगायला मी आलो आहे.

आधी एकटेपणाबद्दल बोलू.

मुलांनो, बुरशी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. शिळ्या पावावर हिरवट, काळपट लव येते, ती बुरशी. पाऊस पडल्यावर कुजलेल्या लाकडावर छत्र्या उगवतात, तीही बुरशीच. बुरशी म्हटली की आपण म्हणतो, "शी! फेकून दे." काही बुरशी खरोखरच वाईट असतात. त्या अन्न नासवतात, पिकांवर रोग आणतात. पण सगळी माणसे सारखी नसतात, तशा सगळ्या बुरशीही सारख्या नसतात. काही बुरशी झाडांच्या जिवलग मैत्रिणी असतात.

ही मैत्री जमिनीखाली असते. म्हणून ती फार उशिरा माणसाच्या लक्षात आली. जर्मनीत आल्बर्ट फ्रांक नावाचे एक शास्त्रज्ञ होते. जमिनीखाली ट्रफल नावाची एक महागडी अळंबी वाढते. तिची लागवड करता येईल का, याचा ते अभ्यास करत होते. झाडांची मुळे उकरून पाहताना त्यांना दिसले की, मुळांच्या टोकांवर बुरशीचे आवरण आहे आणि तरीही झाडे अगदी निरोगी आहेत! १८८५ साली त्यांनी या जोडीला 'मायकोरायझा' असे नाव दिले. हा शब्द ग्रीक भाषेतल्या दोन शब्दांपासून बनला आहे. एकाचा अर्थ बुरशी आणि दुसऱ्याचा अर्थ मूळ. म्हणजे 'बुरशी-मूळ'. आज शास्त्रज्ञ सांगतात की, जमिनीवरच्या दर दहा प्रकारच्या वनस्पतींपैकी सुमारे आठ वनस्पतींची अशी मैत्री असते. ही मैत्री फार जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगडात टिकून राहिल्या आहेत. त्यांच्या आतही अशी बुरशी सापडली आहे. डायनोसॉर जन्मालाही आले नव्हते, त्याच्या खूप आधीपासून हे दोघे सोबती आहेत!

या मैत्रीत कोण काय देते? नीट ऐका.

झाडाची पाने उन्हात साखर तयार करतात. बुरशीला पाने नाहीत. तिला साखर करता येत नाही. म्हणून झाड आपल्या साखरेतला थोडा वाटा मुळांतून बुरशीला देते. त्याच्या बदल्यात बुरशी काय करते? ती आपले बारीक धागे मातीत लांबवर पसरते. हे धागे तुमच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही दहापट बारीक असतात. जिथे झाडाचे मूळ शिरू शकत नाही, तिथे हे धागे सहज शिरतात. तिथून ते फॉस्फरस, जस्त अशी पोषक द्रव्ये आणि पाणी घेऊन येतात आणि मुळाला देतात. शेजारणी कशा एकमेकींकडे वाटीभर साखर आणि मूठभर डाळ देतात-घेतात, तशीच ही देवाणघेवाण आहे.

आपल्या बेटावर या मैत्रीची गरज अधिकच आहे. का बरे? मॉरिशस हे ज्वालामुखीतून तयार झालेले बेट आहे. त्या खडकाची झीज होऊन आपली माती झाली. तिच्यात लोहाचा अंश पुष्कळ आहे, म्हणून ती लाल दिसते. हे लोह फॉस्फरसला घट्ट धरून ठेवते. झाडापासून दोन बोटांवर फॉस्फरस असतो, पण मुळाला तो मिळत नाही. उंच फळीवर डबा ठेवलेला असावा आणि लहान मुलाचा हात तिथे पोहोचू नये, तशी झाडाची स्थिती होते. बुरशीचे धागे म्हणजे झाडाचे लांब हात. माझ्या मैदानावर मी डब्यांवर डबे ठेवत होतो, पण झाडांना हातच नव्हते! यंत्राने वरची माती खरवडून नेली, तेव्हा हे धागेही मातीबरोबर निघून गेले होते. आजी म्हणाली होती ना, "माती एकटी आहे"? ते हे असे.

अशीच गोष्ट दुसऱ्या एका बेटावर घडली होती. आपल्यापासून खूप दूर, कॅरिबियन समुद्रात पोर्टो रिको नावाचे बेट आहे. तिथेही आपल्यासारखाच ऊस पिकत असे. तिथल्या लोकांनी पाइनची झाडे लावायचे ठरवले. पाइनचे बी पेरले. ते उगवले. पण रोपे वीतभर वाढली की पिवळी पडत आणि मरून जात. असे वर्षानुवर्षे होत राहिले. पाइन हे त्या बेटावरचे झाड नव्हते, त्यामुळे तिथल्या मातीत त्याची सोबतीण बुरशीही नव्हती. शेवटी १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पाइनच्या झाडांखालची थोडी माती आणून रोपांच्या मुळांशी घातली. आणि काय आश्चर्य! ती रोपे हिरवीगार झाली आणि भराभर उंच वाढू लागली. ज्यांना ती माती मिळाली नव्हती, ती तशीच खुजी राहिली.

पण मुलांनो, या गोष्टीतून एक चुकीचा धडा घेऊ नका. परदेशातून माती आणू नये. मातीबरोबर रोग आणि किडेही येतात. आपल्या जंगलातूनही माती उचलून आणू नये. आपल्याला लागणारी माती आपल्याच अंगणात मिळते. ती कशी, ते मी पुढे सांगतो.

आता मातीच्या भुकेकडे वळू. म्हणजेच माझ्या बादलीकडे.

घरातला कचरा तुम्ही डब्यात टाकता. मग गाडी येते आणि तो घेऊन जाते. पुढे तो कुठे जातो? आपल्या बेटाच्या आग्नेय भागात मार शिकोज नावाची जागा आहे. १९९७ साली तिथे बेटावरचा कचरा पुरायला सुरुवात झाली. बघता बघता तिथे कचऱ्याची टेकडी उभी राहिली. बेट वाढत नाही, पण कचरा मात्र रोज वाढतो. गंमत अशी की, घराघरांतून निघणाऱ्या कचऱ्यातला अर्ध्याहून अधिक भाग साले, देठ, पाने आणि उरलेले अन्न यांचा असतो. म्हणजे आपण मातीचे जेवणच गाडीत भरून पाठवतो! ढिगाऱ्याखाली हवा नसते. तिथे हे अन्न कुजते आणि मिथेन नावाचा वायू तयार होतो. हा वायू पृथ्वीची उष्णता वाढवतो.

आपले वाडवडील असे करत नसत. ऊस गाळल्यावर चिपाडे उरतात. आपल्या बेटावरचे कारखाने ती चिपाडे जाळून वीज तयार करतात. रस गाळल्यावर काळा गाळ उरतो. तो पुन्हा उसाच्या शेतात खत म्हणून घालतात. उसाचे पाचट शेतात पसरले की जमिनीला पांघरूण होते. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, त्याची जागा आपल्याला ठाऊक नसते, इतकेच!

मग आपल्या शाळेत काय करायचे? सोपे आहे. एक मोठा लाकडी खोका घ्या. त्याच्या फळ्यांमधून हवा खेळली पाहिजे. तळाशी काटक्या अंथरा. मग दोन टोपल्या सुका पाला आणि एक टोपली ओला कचरा, असे थर द्या. सुक्या पाल्यात फाडलेला पुठ्ठा आणि उसाचे पाचट चालते. ओल्या कचऱ्यात भाज्यांची साले, फळांची साले, चहाचा चोथा आणि चुरडलेली अंड्याची टरफले चालतात. मांस, मासळी आणि तेलकट अन्न टाकू नका. उंदीर येतील. प्लॅस्टिक, काच, बॅटरी तर मुळीच नको.

ढीग किती ओला असावा? धुऊन घट्ट पिळलेल्या फडक्याइतका. जास्त ओला झाला तर घाण वास येतो. मग त्यात सुका पाला मिसळा. फारच कोरडा झाला तर काम थांबते. मग थोडे पाणी शिंपडा. आठवड्यातून एकदा मोठ्यांच्या मदतीने तो खाली-वर करा. ढीग मोठा असला तर त्याचे पोट आंघोळीच्या पाण्याहूनही गरम होते! आतले कोट्यवधी सूक्ष्म जीव आणि बुरशी जेवत असतात, त्यांचीच ती ऊब. उसाच्या चिपाडासारखे कठीण पदार्थ कुजवायचे कामही बुरशीच करते. दोन-तीन महिन्यांत साले ओळखू येईनाशी होतात. काळेभोर, भुसभुशीत खत तयार होते. त्याला वास कसा येतो? पहिल्या पावसानंतर अंगणाला येतो ना, तसा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कच्ची साले रोपाच्या मुळाशी घालू नका. तिथे ती कुजू लागली की मुळांना त्रास होतो. न शिजलेला भात आपण खातो का? झाडालाही शिजलेलेच हवे.

दरवर्षी आपण गणेश चतुर्थी साजरी करतो. दुर्वा, फुले, हार, केळीची पाने यांचा मोठा ढीग जमतो. कुणी तो नदीत टाकतात, कुणी समुद्रात. यंदा तुम्ही घरी सांगा, "हे निर्माल्य आम्हांला द्या." दोरा, चकमकीत कागद आणि प्लॅस्टिक काढून टाका. बाकीचे खताच्या खोक्यात घाला. देवाला वाहिलेले फूल पुढच्या वर्षी जास्वंदीच्या झाडावर पुन्हा उमलेल.

रोपांसाठी कुंड्याही विकत आणायला नकोत. नारळाच्या करवंट्या, दह्याचे डबे, दुधाची खोकी, तेलाचे कॅन, सगळे चालते. खाली दोन-तीन भोके पाडा, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाईल. रंगाचे किंवा औषधाचे डबे मात्र घेऊ नका. आणि रिकामे डबे उघड्यावर ठेवू नका. २००५ आणि २००६ साली आपल्या बेटावर चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. कितीतरी लोकांचे सांधे दुखून दुखून त्यांना उठवेना. हा रोग पसरवणारा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. करवंटीत रोप लावले तर ती कुंडी होते. तीच करवंटी पावसात पडून राहिली तर डासांचे घर होते. वस्तू तीच, पण माणूस तिचे काय करतो यावर सारे अवलंबून असते.

आता माझ्या पिशवीतल्या मातीचे गुपित सांगतो. ही माती मीच वाढवली आहे. "माती कशी वाढवणार?" असे तुम्ही विचाराल. ऐका.

आमच्या अंगणात आंब्याचे एक जुने, निरोगी झाड आहे. त्याच्या खालून मी दोन मुठी माती घेतली. तिच्यात बारीक मुळ्याही होत्या. रोगट किंवा सुकलेल्या झाडाखालची माती मी कधीच घेत नाही. एका जुन्या बादलीला खाली भोके पाडली. तिच्यात वाळू आणि थोडे खत भरले. मधोमध ती दोन मुठी माती घातली आणि वर मक्याचे आणि घेवड्याचे दाणे पेरले. मक्याला आणि घेवड्याला या बुरशीची सोबत फार आवडते. रोपे वाढली, तशी त्यांच्या मुळांत बुरशीही वाढली. तीन महिने पाणी घातले. मग पाणी बंद केले. रोपे सुकली. तेव्हा वरचे ताट कापून मी खताच्या खोक्यात टाकले. खालची मुळे बारीक चिरून मातीत मिसळली. दोन मुठींची बादलीभर माती झाली! विरजणाच्या एका चमच्याने पातेलेभर दूध दही होते, तसेच हे आहे. ही माती म्हणजे मातीचे विरजणच.

रोप लावताना ती कशी घालायची? खड्डा करा. त्यात चांगले कुजलेले खत मातीत मिसळा. मग मूठभर विरजणाची माती ठेवा आणि तिच्यावर रोप असे बसवा की मुळे तिला टेकतील. दूर घातली तर बुरशीला मुळे सापडत नाहीत. मग माती लोटा, पाणी घाला आणि वर सुक्या पानांचे पांघरूण द्या.

पुढेही थोडी काळजी हवी. रोपाभोवती सारखे खणू नका, कारण धागे तुटतात. बाजारातले खत वारेमाप ओतू नका. आयते पोटभर मिळाले की झाड बुरशीला साखर द्यायचे थांबवते आणि मैत्री तुटते. बुरशी मारायचे औषध उगाच फवारू नका. ते चांगल्या-वाईट दोघींनाही मारू शकते.

आणि हो, सगळ्याच वनस्पतींना ही सोबत लागते असे नाही. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी आणि पालक यांची या बुरशीशी मैत्री होत नाही. त्यांना नुसते चांगले खत द्या. पाइनसारख्या झाडांच्या मैत्रिणी वेगळ्या असतात. त्यांच्या कधी कधी जमिनीवर छत्र्याही दिसतात. आंबा, लिची, ऊस, मका आणि घेवडा यांच्या मैत्रिणी मात्र मुळांच्या आत लपून राहतात. त्यांची छत्री कधीच उगवत नाही. रानातली छत्री दिसली तरी ती तोडून तोंडात घालू नका. काही छत्र्या विषारी असतात.

तुम्ही म्हणाल, "आजोबा, एवढा खटाटोप कशासाठी?" याचे उत्तर आपल्या बेटाकडे पाहिले की मिळते. १५९८ साली डच खलाशी इथे उतरले, तेव्हा हे बेट घनदाट जंगलाने भरलेले होते. पुढे माणसांनी काळ्या एबनीची झाडे तोडली. शेतीसाठी जंगल साफ केले. बाहेरून आणलेली झाडे रानभर पसरली. आता शंभर भागांपैकी दोन भागही चांगले मूळ जंगल उरलेले नाही. म्हणून इथे लावलेले प्रत्येक रोप जगले पाहिजे. झाडे लावण्याच्या दिवशी फोटो काढणे सोपे असते. सहा महिन्यांनी जाऊन रोपे मोजणे अवघड असते. मी मोजली होती, म्हणून मला ठाऊक आहे.

माझ्या मैदानाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. काही वर्षांनी मी पुन्हा तिथे गेलो. या वेळी घाई केली नाही. आधी त्या उघड्या जमिनीवर पाला आणि कुजलेले खत पसरले. मग एक पीक मक्याचे आणि घेवड्याचे घेतले. जुन्या आंब्याखालची थोडी माती त्यांच्या मुळांशी घातली होती. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एकोणतीस रोपे लावली. सगळी जगली असे मी म्हणणार नाही. दोन सुकली आणि तीन चक्रीवादळात मोडली. पण चोवीस उभी राहिली. आज तिथे मुले सावलीत बसून डबे खातात.

तेव्हा आजी नव्हती. मी एकटाच त्या झाडांखाली उभा राहिलो. पायाखालची माती उचलली, चुरगाळली, वास घेतला. माती काळी झाली होती, मऊ झाली होती. तिच्यात पांढरे, नाजूक धागे दिसत होते. मी मनात म्हटले, "आजी, माती आता उपाशी नाही. आणि एकटीही नाही."

बालमित्रांनो, आता आपण बाहेर जाणार आहोत. तिथे तुमच्यासाठी वीस खड्डे तयार आहेत. ही बादली तुमच्या शाळेच्या नव्या खताच्या खोक्यात जाईल. ही पिशवी तुमच्या रोपांच्या मुळाशी जाईल. आजपासून डबा खाल्ल्यावर केळ्याचे साल कुठे टाकायचे, हे तुम्हीच ठरवा. आणि सहा महिन्यांनी मला बोलवा. आपण सगळे मिळून रोपे मोजू.

चला तर, बाह्या वर करा! काम झाल्यावर साबणाने हात धुवायला मात्र विसरू नका.



शब्दार्थ

रोपवाटिका : रोपे तयार करण्याची जागा
खट्टू होणे : नाराज होणे
देवाणघेवाण : देणे आणि घेणे
चिपाडे : रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा
पाचट : उसाची वाळलेली पाने
निर्माल्य : देवाला वाहिलेली, उतरवलेली फुले व पाने
विरजण : दुधाचे दही करण्यासाठी घातलेले थोडे दही
खटाटोप : पुष्कळ कष्ट, धडपड

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजोबांनी बरोबर कोणत्या दोन वस्तू आणल्या होत्या?
(आ) 'मायकोरायझा' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) मॉरिशसची माती लाल का दिसते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) "माती उपाशी आहे आणि एकटी आहे," असे आजी का म्हणाली?
(आ) झाड आणि बुरशी एकमेकांना काय देतात?
(इ) रिकामे डबे उघड्यावर का ठेवू नयेत?

३. खताच्या खोक्यात काय टाकाल आणि काय टाकणार नाही? दोन याद्या करा.

४. वाक्यात उपयोग करा : नाक मुरडणे, खट्टू होणे, बघता बघता.

५. तुमच्या घरी एका दिवसात किती साले आणि देठ निघतात, ते एका बादलीत जमवून पाहा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "पूर्वी याचे काय करत असत?" त्यांनी सांगितलेली माहिती वर्गात सांगा.